जळक्या तेलाच्या वासामागे, कराडहून दादरला

वाचनालयाच्या चिटणीसांनी मला सांगितलं, "बाई, मुंबईला जाऊन आलात, तर आपल्या हस्तलिखित अंकाला प्रवासवर्णन द्या. समुद्राचं जरा जास्त लिहा." समुद्राचं लिहीन, पण तो माझ्या वाट्याला एकूण पाऊण तास आला. बाकीचे दिवस मी बहुतेक आमच्या पिकअप गाडीच्या आजूबाजूला होते आणि थोडा वेळ गाडीच्या खालीही. तेव्हा जे पाहिलं तेच लिहिते.

अंक शेजारच्या गावांतही फिरतो, म्हणून आधी आमची ओळख करून देते. आमच्या घरी तेलाचा घाणा आहे. वडील अजून रोज घाण्यावर असतात. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तेलाचे डबे आणि पेंड पिकअपमधून कराडच्या बाजाराला नेतो. गाडी मूळची लष्कराची, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली. मी गावच्या शाळेत शिक्षिका आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात दादा तीन महिने तुरुंगात होता. तिथं त्याच्या शेजारच्या वळकटीवर लालबागचे परबभाऊ झोपत. परबभाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतात, मूळचे मालवणकडचे. त्यांची आई चाळीतल्या बायकांबरोबर मोर्चाला गेली होती. तिथल्या पळापळीत ती पडली आणि तिचे दोन्ही गुडघे कायमचे अधू झाले. ही हकिगत ऐकून दादानं तुरुंगातच परबभाऊंना शब्द दिला, "राज्य होईल तवा तुमच्या आईला माझ्या गाडीतनं मिरवत न्हेतो."

यंदा ते राज्य होणार हे पक्कं झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत परबभाऊंचं कार्ड आलं. चाळीची मिरवणूक लालबागहून दादरला जाणार होती, तो दिवस त्यांनी कळवला होता. खाली एकच ओळ होती. "आई विचारते, गाडी कधी येणार?"

घाटात

पहाटे निघालो. गाडीत शेंगांचं एक पोतं, शेंगतेलाचे दोन डबे, आमच्या वळकट्या. खंबाटकी चढायला लागलो आणि माझ्या नाकाला वास आला. तेल जळत होतं.

"दादा, काय तरी जळतंय."

"नवा रंग हाय गं," दादा म्हणाला. "मुंबईच्या खाऱ्या हवेनं पत्रा खातोय म्हंत्यात. म्हणून खालनं समदं डांबर चोपडलंय. तापल्यावर वास येनारच."

डांबराचा वास मला ठाऊक आहे. हा त्याच्या पोटातला दुसरा वास होता. पण घाटात वाद घालू नये म्हणून गप्प बसले. वर गेल्यावर दादानं बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढून पाहिली. इंजिनातलं तेल जिथं हवं तिथं होतं. त्याचं समाधान झालं.

पुढं पुणं, खंडाळा, पनवेल. प्रत्येक चढानंतर वास वाढत गेला. ठाणं मागं टाकलं तेव्हा माझ्या पायांजवळच्या फळीतून धुराची बारीक रेघ वर येत होती. दादानं खिडकीची काच खाली केली आणि गाडीचा वेग कमी केला. तेव्हा समजलं, त्यालाही काळजी लागली आहे.

परळ

परळ म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांचं रान. आपल्याकडे विहिरीवरची निंबं मोजावीत तशी मी गाडीतून धुराडी मोजायला लागले आणि पंधरावर सोडून दिली. गिरण्यांची पाळी सुटली होती. रस्ताभर माणसं, आणि सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाचं पांढरं तूस. आपल्याकडे शेंगा फोडणाऱ्या बायकांच्या अंगावर फोलपटं असतात ना, तसं.

पुलाजवळ एका गॅरेजात दादानं गाडी घातली. तिथले मिस्त्री उंच, तोंडात पान. त्यांनी बॉनेट उघडून एकदा वास घेतला आणि निकाल दिला.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवायला लागेल. चार दिवस धरा."

मिरवणूक तीन दिवसांवर होती. दादाचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं जे ऐकलं होतं त्याच्या जोरावर मी म्हटलं, "मिस्त्री, रिंगा गेल्या तर मागून निळा धूर यायला हवा ना? तो नाही. पट्टीवर तेलही कमी झालेलं नाही. मग जळतंय ते कुठलं?"

मिस्त्रींनी पान गालात सरकवलं. "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? तिथं शिकवा. इथं आम्ही शिकवतो."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, थोडी शरमही वाटली. आपण उगाच तोंड घातलं असं वाटलं. दादा मात्र मिस्त्रींकडे बघत म्हणाला, "गाडी आज न्हाई ठेवत. उद्या बघू," आणि त्यानं ती तशीच धुराच्या रेघेसकट लालबागला आणली.

वाटेत तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. हा वास गेल्याबिगर मी म्हाताऱ्या माणसांना ह्या गाडीत बसवनार न्हाई. उद्या पेट घेतला तर?"

"आणि शब्द?"

"तोच तर इचार करतोय."

लालबाग

परबभाऊंची खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर. एका खोलीत सहा माणसं राहतात, आणि तरी आम्ही दोघं आल्यावर जागा कमी पडली असं कुणाच्या तोंडावर दिसलं नाही. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. इथं नळ सकाळी थोडा वेळच येतो, तरी परबवहिनींनी आमच्यासाठी दोन बादल्या राखून ठेवल्या होत्या.

वहिनी ठेंगण्या, आवाज मोठा. चाळीतल्या बायकांचं सगळं त्या बघतात. सत्याग्रहींच्या भाकऱ्या त्यांच्याच देखरेखीखाली थापल्या जात. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि भात होता. शेवटी वाटीत गुलाबी काही तरी आलं. मला वाटलं खोकल्याचं औषध. मी म्हटलं, "मला खोकला नाही."

"अगो, सोलकढी ती!" वहिनी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतल्या बायका बघायला आल्या. मग मी दोन वाट्या प्यायले.

परबभाऊंच्या आई, सगळे त्यांना आजी म्हणतात, खिडकीशी बाकावर बसून होत्या. खिडकीतून खाली आमची गाडी दिसत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"गाडी बरी आसा मा?"

मी काय सांगणार? "थोडं काम आहे आजी. होईल."

"हां," त्या म्हणाल्या. "माका घाई नाय. परवापर्यंत झाली तरी पुरे."

मला रडावं का हसावं कळेना. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाय, त्येंका एकटेकच नाय न्हेवचा. चाळीतल्यो अकरा म्हाताऱ्यो आसत. मोर्चात होत्यो, दोन-दोन दिवस चौकीत बसान इल्यो. त्येंच्यान आता दादरपर्यंत चलवणा नाय. तुझ्या भावाची गाडी येतली म्हणान मिया सगळ्या चाळीक सांगून ठेवलंय."

म्हणजे शब्द एकीसाठी दिला होता आणि तो पोचला होता अकराजणींपर्यंत.

मी खाली जाऊन पुन्हा गाडीचा वास घ्यायला लागले, तर शिंकांवर शिंका. लालबागला उन्हाळ्यात मिरच्यांचं कांडप चालतं. शेजारच्या गल्लीत ओळीनं डंख, म्हणजे मोठाली यांत्रिक मुसळं, आणि त्यांच्याखाली लाल मिरचीचा ढीग. वर्षाचा मसाला करून घ्यायला सगळी मुंबई तिथं लोटते. त्या खकाण्यात माझं नाक साफ बंद झालं. लालबागच्या बायका तिथं उभ्या राहून गप्पा मारत होत्या, आणि मी पदर नाकाला लावून पळाले.

पहाटेचा प्रयोग

वडिलांना कुणी तेल आणून दाखवलं की ते त्याचा एक थेंब तापत्या पत्र्यावर टाकतात आणि वासावरून सांगतात, शेंगतेलात करडई मिसळली आहे की जवस. लहानपणी ते मला डोळे मिटायला लावून ओळखायला सांगत. हे मला रात्री आठवलं, आणि पहाटे डंख सुरू व्हायच्या आत मी दादाला उठवलं.

"मला गाडीतली सगळी तेलं थोडी थोडी काढून दे."

"समदी म्हंजे?"

"जितक्या ठिकाणी तेल आहे तितकी."

दादानं इंजिनातलं तेल पट्टीवरून डब्याच्या झाकणात घेतलं. मग तो गाडीखाली शिरला आणि गिअरपेटीच्या बाजूचं बूच खोलून तिथलं तेल घ्यायला बोट घातलं. आत तेल बुचाच्या भोकापर्यंत भरलेलं असायला हवं. त्याचं बोट मुळापर्यंत आत गेलं तेव्हा कुठं टोकाला काळं लागलं.

"गोदे," खालून आवाज आला, "हितलं तेल निम्मं गेलंय गं!"

गोदे म्हणजे मी, गोदावरी.

वहिनींची शेगडी मी चाळीच्या आवारात आणली. त्यांनी वरून बजावलं, "माझी पळी घेव नको हां!" पळी नव्हतीच, झाकणंच होती. पहिल्या झाकणातलं इंजिनाचं तेल तापलं, धूर आला. वास जड, कंदिलाच्या काजळीसारखा. हा नव्हे. दुसऱ्या झाकणातलं तेल काकवीसारखं दाट. ते तापलं आणि सडक्या लसणाचा, विझलेल्या काडीचा वास सुटला. गॅलरीतून कोणी तरी ओरडलं, "कोण मेला काय जाळता?" आणि मी नाचायचीच बाकी होते.

"दादा, हाच! खंबाटकीपासून हाच वास येतोय. इंजिनाचा यात काही संबंध नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आरं तिच्या."

परबभाऊ तेवढ्यात गायकवाड मिस्त्रींना घेऊन आले. ते त्यांच्याच गिरणीत फिटर आहेत. दुपारपाळीला कामावर जायचं असल्यानं त्यांची सकाळ मोकळी होती. चाळिशीचे, सडपातळ, स्वच्छ धुतलेला निळा शर्ट. मी दोन्ही झाकणांची गोष्ट सांगितली. आता हेही हसतील म्हणून मी तयारीत होते. ते हसले नाहीत. दोन्ही झाकणांचा त्यांनी स्वतः वास घेतला.

"बरोबर आहे तुमचं. पण गिअरपेटीला सांधे पुष्कळ. गळतंय नेमकं कुठून?"

"पीठ आहे का?" मी विचारलं. "आमच्याकडे तेलाचा डबा झिरपतो तेव्हा तो पुसून कोरडा करतात आणि वर पीठ भुरभुरवतात. जिथं पीठ भिजतं तिथं भोक."

गायकवाड मिस्त्रींनी बाह्या दुमडल्या. "बाई, हे मला फिटर होऊन पंधरा वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं."

चक्कीच्या खाली सांडलेलं पीठ मिळालं. त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं गिअरपेटी पुसली, मी गाडीखाली आडवी होऊन पीठ उडवलं. निम्मं माझ्याच तोंडावर पडलं. दादानं गाडी परळच्या पुलावरून दोनदा चढवून-उतरवून आणली. मिस्त्री खाली शिरले आणि मला बोलावलं. पांढऱ्या पिठावर एकच काळी ओली रेघ होती, गिअरपेटीच्या मागच्या टोकाला. तिथून लांब दांडा निघून मागच्या चाकांकडे जातो. दांडा फिरताना ते तेल उडवत होता आणि ते शेजारच्या तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडून जळत होतं.

"मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेली," मिस्त्री म्हणाले. "गिरगावात मिळालं तर मिळेल."

गिरगाव

मिस्त्रींनी जुनं सील काढून दिलं. कागदात गुंडाळून ते घेऊन दादा आणि मी ट्रामनं गिरगावात गेलो. ट्राम म्हणजे रस्त्यातून चालणारी आगगाडी, पण इतक्या निवांतपणे चालते की म्हातारा माणूसही धावत गाठेल.

गिरगाव लालबागपेक्षा निराळं. वाड्या, म्हणजे रस्त्यावरून आत शिरणाऱ्या गल्ल्या, त्यात चाळी, चाळीत देऊळ. माणसं बोलतात ती पुस्तकातल्यासारखी. आम्ही सुट्या भागांची चार दुकानं फिरलो. "लष्करी गाडी? नाही हो," हे चार वेळा ऐकलं. पाचव्या दुकानाबाहेर शिडी लावलेली होती आणि रंगारी दुकानाच्या पाटीवर पत्त्याची शेवटची ओळ खरवडून नवी लिहीत होता. "महा" लिहून झालं होतं, "राष्ट्र" खडूनं आखलेलं होतं. मी शिक्षिका असल्यानं उभी राहून काने आणि जोडाक्षर तपासले. अक्षर फार सुंदर होतं.

दुकानदार पांढरी टोपी घातलेले वयस्कर गृहस्थ. त्यांनी सील हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"गाडी कशाला लागते आहे?"

दादानं अकरा म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. ते सील घेऊन तसेच माळ्यावर चढले. वर अर्धा तास खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. खाली आले तेव्हा टोपी काळी झाली होती आणि हातात सील होतं.

"अगदी त्याच गाडीचं नाही. पण माप तेच आहे. बघा लावून."

ठाकूरद्वारच्या एका खानावळीत जेवलो. वरण आपल्यापेक्षा गोड, पोळी हातरुमालासारखी पातळ. आणि मग, चिटणीस महाराज, समुद्र. चौपाटीवर गेलो. पाणी मागं सरकलेलं होतं. आपल्या कृष्णेचं पाणी कुठं तरी निघालेलं असतं, हे पाणी तिथंच येतं आणि तिथंच मागं जातं. दादा घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिला आणि एका हातानं खिशातलं सील चाचपत राहिला. पाऊण तासानं आम्ही ट्राम धरली.

पुन्हा लालबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी लांब दांडा सोडवला, नवं सील ठोकून बसवलं, तेल भरलं. चाळीतली माणसं गॅलऱ्यांतून बघत होती. दादानं गाडी फिरवून आणली आणि आवारात उभी केली.

वास येत होता.

मिस्त्री खाली गेले. नव्या सीलातूनही तेल झिरपत होतं. ते बाहेर येऊन पायरीवर बसले, हात पुसत राहिले. "माप बरोबर आहे. बसलंय पण बरोबर. मग का गळतंय?" दादा गाडीला टेकून उभा होता. मिरवणूक दुसऱ्या दिवशी. वर खिडकीत आजी होत्या. मी तिकडे बघणं टाळलं.

मी वर गेले. वहिनी आमच्या शेंगतेलाचा डबा फोडत होत्या. खिळ्यानं त्यांनी झाकणाला एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल गटक गटक करत अडत येऊ लागलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडलं. मग धार सरळ लागली.

हे मी जन्मापासून बघत आले आहे. एक भोक तेलाला, एक हवेला. आणि उन्हात बंद डबा ठेवला तर तो फुगतो आणि चांगल्या सांध्यातूनही तेल बाहेर येतं, म्हणून वडील भरलेले डबे कधी उन्हात ठेवू देत नाहीत.

मी जिन्यावरून धावतच खाली आले. "मिस्त्री, या पेटीला हवा जायला भोक कुठं आहे?"

मिस्त्री ताडकन उठले. "वरच्या अंगाला. छोटं बुटण असतं, त्याला भोक." ते गाडीखाली शिरले, आणि पेटीच्या वर हात घालून चाचपायला लागले. "सापडत नाही... थांबा... इथं सगळं डांबर आहे."

मी आणि गाडीखालून डोकं बाहेर काढून मिस्त्रींनी एकदमच दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

"वरनं पन फासलं व्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, कुठंच गंज नको."

मिस्त्रींनी पेचकस लावून डांबर खरवडलं, मग बारीक तार घातली. फुस्स करून आवाज आला, गॅलरीपर्यंत ऐकू जाईल एवढा. तापलेल्या पेटीत कोंडलेली हवा बाहेर पडली होती. तीच आतून रेटून तेलाला सीलाबाहेर काढत होती. घाटात पेटी तापली की जास्त.

पुन्हा पुसलं, पुन्हा पीठ. या वेळी दादा परळचा पूल चार वेळा चढला. मिस्त्री आणि मी दोघंही खाली गेलो. पीठ होतं तसं पांढरं, कोरडं. मी नाक नळीजवळ नेऊन वास घेतला. तापलेलं लोखंड, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "हे सगळं शिकलात कुठं?"

"आम्ही तेली. घरी घाणा आहे."

एक गोष्ट इथं लिहून टाकते. मी कराडला शाळेत शिकायला होते तेव्हा माझ्या कपड्यांना तेलाचा वास येतो म्हणून बाकावर शेजारी कुणी बसत नसे. पुढं मास्तरीण झाले तरी वडिलांचा धंदा विचारला की मी "व्यापार" असं सांगे. त्या दिवशी लालबागच्या आवारात मी "तेली" म्हटलं ते चांगलं मोठ्यानं.

गायकवाड मिस्त्री म्हणाले, "मला साच्यावर काम करायचं होतं. तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो. आमच्या लोकांनी धाग्याला तोंड लावलं तर बाकीच्यांना चालत नव्हतं, म्हणून तिथं घेतलं नाही. मग मी यंत्रं शिकलो. आता साचा बंद पडला की तेच बोलवायला येतात." त्यांनी बोळा नीट घडी करून पेटीत ठेवला. "तीन वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो. आता कुणी विचारलं तर मीपण मोठ्यानं सांगतो."

आणि त्यांनी परबभाऊंना हाक मारली, "ए परबा, उद्या मीपण येतो रे. गाडीबरोबर चालतो."

दादर

सकाळी वहिनींनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. बाक ठेवून, हात धरून अकराजणींना चढवलं. आजी सगळ्यात शेवटी. परबभाऊ आणि दादा यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून ठेवलं. ती खुर्ची मध्यभागी, आणि बाकीच्या दहाजणी भोवती सतरंजीवर.

गाडी माणसांच्या चालीनं, सबंध वेळ पहिल्या गिअरमध्ये. याहून जास्त गाडी कशानं तापत नाही. पुढं ढोलताशे, मागं गिरणीतली माणसं, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून फुलं पडत होती. मी दादाशेजारी बसून पायांजवळच्या फळीकडे नाक करून होते. गायकवाड मिस्त्री गाडीच्या बाजूनं चालत होते, खिशात पाना होता.

मागून म्हाताऱ्यांनी घोषणा सुरू केली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" चार वर्षं तोंडात बसलेली घोषणा, ती आपोआप निघाली.

वहिनी चालता चालता ओरडल्या, "अगो, झालो तो! आता 'झालो' म्हणा!"

मग आजींनी एकटीनं म्हटलं, "झालो!" आणि दहाजणींनी उचललं. रस्त्यावरच्यांनी उचललं. दादरपर्यंत तेवढा एकच शब्द चालला होता. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चाकावरचा हात काढता येत नसल्यानं ते तसंच वाहू दिलं त्यानं. मीही वास घ्यायचं विसरले. वास नव्हताच.

दादरच्या मैदानापाशी गर्दी इतकी होती की वाहनं पुढं सोडत नव्हते. एका पोलिसानं हात आडवा केला. आजी खुर्चीतून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "बाबा, मागच्या वेळेक तुम्ही माका तुमच्या गाडीत घातलास. आज मिया माझ्याच गाडीतसून इलंय."

पोलीस पंचविशीचा असेल. त्यानं एकदा आजींकडे पाहिलं, मग वळला आणि दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत आमच्या पुढं चालायला लागला.

घरी

परतताना खंबाटकीला गाडी थांबवून दादानं गिअरपेटीत बोट घातलं. बोट आत जाताच तेल लागलं, म्हणजे ते काठोकाठ होतं. वास नाही. आम्ही टाकीवर पाणी प्यायलो.

गावाच्या अलीकडचा सरळ रस्ता लागला. दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि दार उघडलं.

"सरक तिकडं."

"म्हणजे?"

"सरक म्हंतो ना. डावा पाय क्लचवर. घाई करू नगंस."

तीनदा गाडी आचके देऊन बंद पडली. चौथ्यांदा निघाली. मी किती जोरात चाक धरलं होतं ते घरी आल्यावर तळहातांवरून कळलं. दादा शेजारी हाताची घडी घालून बसला होता आणि पुढं गावाजवळ भेटलेल्या बैलगाडीला माझ्या वतीनं हाका मारत होता. ओढा ओलांडला, चावडी गेली, घाण्यासमोरच्या उतारावर मी गाडी थांबवली.

वडील आवाज ऐकून बाहेर आले. नेहमीप्रमाणे चाकाच्या बाजूला गेले, दार उघडलं, आणि आत मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पलीकडे दादाकडे पाहिलं. मग त्यांची नजर गाडीखालच्या उतारावर गेली.

"उतार हाय पोरी," ते म्हणाले. "हातब्रेक वढ आधी."

मी ओढला.